सात नंबरच्या पेल्यातला टिंबू

तुम्ही एकाच किड्याला तीन वेळा तीन नावं दिलीत, आणि बेभरवशाचा मला ठरवलंत.

हे वाक्य मुद्दाम सगळ्यात वर लिहिलंय. तुमच्या कार्यालयात पहिली ओळ वाचून कागद कुठल्या ट्रेमध्ये टाकायचा ते ठरवतात, असं ऐकून आहे. आता दुसरी ओळ. तुमच्या हुकमाप्रमाणे पंधरा दिवसांत आमच्याकडच्या अकराशे चार कुप्या रिकाम्या करायच्या, आत जे आहे ते ओतून द्यायचं आणि काच धुऊन परत पाठवायची. सात वर्षांचं रान आमच्या मागच्या खोलीत फळ्यांवर उभं आहे, आणि तुम्हाला त्यातली फक्त काच हवीय.

माझं डोकं तापलंय हे खरं. पण तापलंय त्याहून जास्त ते गोंधळलंय. म्हणून झालं ते क्रमाने सांगतो. त्यात माझं पापही सांगतो, कारण ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

मी घड्याळजी. लोकांनी मनगटं उघडी टाकली आणि खिशातून वेळ बघायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या दुकानाला कुलूप लागलं. माझी मोठी बहीण, जिला मी ताई म्हणतो आणि आळीतले सगळेही ताईच म्हणतात, ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर होती. एका वेळी चाळीस थर कापड कापायची. तीही त्याच वर्षी निवृत्त झाली. एका घरात दोन रिकामी माणसं म्हणजे सकाळच्या चहापासून भांडण. तेवढ्यात तुमची सूचना आली, की रानाजवळ राहणाऱ्या कुणी बारीक किड्यांचे सापळे सांभाळावेत, ढोबळ निवड करावी आणि अडेल ते खात्याकडे ओळख पटवायला पाठवावं. ताईने अर्ज भरला. मला विचारलंसुद्धा नाही.

"तुझे हात अजून थरथरत नाहीत," ती म्हणाली, "आणि तोंड थांबत नाही. हाताला जुंपलं की तोंड आपोआप दमेल."

तोंड दमलं नाही, ते तुम्ही बघतच आहात.

पाण्याच्या टाकीमागचं रान आमच्याकडे आलं. तिथे ताईने वीस पेले पुरले. पेल्याचा काठ जमिनीच्या बरोबरीने हवा. केसभर जरी वर राहिला तरी खसखशीएवढा किडा त्याला भिंत समजतो आणि वळसा घालून निघून जातो. ताई दर वेळी काठावरून तळहात फिरवून बघायची, कापडावरची सुरकुती बघावी तशी. वर चार खड्यांवर एक झाकण, पाऊस आत जाऊ नये म्हणून. शिवाय एक तंबू. उडता किडा कापडाला धडकला की वर उजेडाकडे चढतो आणि टोकाला बांधलेल्या बाटलीत पडतो. तुम्ही दिलेला तंबू दुसऱ्याच महिन्यात उसवला. ताई तो हातात धरून म्हणाली, "ही शिलाई कुणी घातली? त्याला किड्यांची दया आली असणार." आणि तिने नवा शिवला. तुमच्या यादीत तो अजून तुमचा म्हणून आहे.

पालापाचोळा पिशवीत भरून घरी यायचा. तो मोठ्या नरसाळ्यात टाकायचा आणि वर दिवा लावायचा. वरून ऊब लागते, पाला वाळत जातो, किडे ओल शोधत खाली खाली जातात आणि शेवटी थेट स्पिरिटमध्ये. मला सुरुवातीला वाईट वाटायचं. ताई म्हणायची, "कारखान्यात आम्हालाही असंच करायचे."

माझं काम टेबलावरचं. पांढऱ्या बशीत स्पिरिट ओतायचं, दोन केसांच्या ब्रशने किडे वेगळे करायचे. मुंग्या एकीकडे, उड्या मारणारे पांढरे एकीकडे, पंखांना झालर असलेल्या गांधीलमाश्या एकीकडे. गांधीलमाशी म्हटल्यावर तुम्ही घाबराल, पण या इतक्या बारीक की टाचणीच्या डोक्यावर दोन मावतात. मग एकेक कुपी, आणि कुपीच्या आत ताईच्या अक्षरातली चिठ्ठी: तारीख, पेल्याचा नंबर, पाऊस होता की नव्हता. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, कारण स्पिरिट शाई खातं. पेन्सिल खात नाही. पेन्सिलीने लिहिलं की ते कायमचं असतं, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

तर टिंबू.

सात नंबरच्या पेल्यात, दोन वर्षांपूर्वी, एक तपकिरी भुंगेरा सापडला. पूर्णविरामाएवढा. ताईने नाव ठेवलं टिंबू. पाठीवर बारीक केस, मिश्यांच्या टोकाला गाठ. डावी मिशी अर्ध्यात तुटलेली होती. मला ओळखेना म्हणून तुमच्याकडे पाठवला. महिन्याने तो परत आला, सोबत तुमच्या तज्ज्ञांची चिठ्ठी. लांबलचक परकं नाव, ते मी इथे लिहीत नाही, त्याला 'पहिलं नाव' म्हणू. खाली शेरा होता: "डावी मिशी तुटलेली. उजवीवरून ओळख पटली. दुर्मीळ. फक्त जुन्या, न तोडलेल्या रानात आढळतो. आणखी शोधा."

'दुर्मीळ' या शब्दाखाली रेघ होती. ताईने चिठ्ठी शिलाई मशीनच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. दूधवाल्यालासुद्धा दाखवली. तो म्हणाला, "चावतो का?"

आम्ही शोधला. एकतीस आठवडे शोधला. ताईचा गुडघा सुजला तरी ती सात नंबरपाशी बसून पाला चाळायची. एकही टिंबू आला नाही. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तुम्ही खरंच बघता का? की बसल्या जागी, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला?

आमच्या धंद्यात नव्या कारागिराची परीक्षा घ्यायची एक रीत आहे. चालू घड्याळ बंद आहे म्हणून त्याच्या हातात द्यायचं. त्याने उघडून "काका, चालू आहे की" म्हटलं तर माणूस खरा. तीन भागांची यादी काढली तर चोर. माझीही अशी परीक्षा झाली होती. मी तुमची घेतली.

इथे माझं पाप सुरू होतं. मी टिंबूला नव्या कुपीत घातलं आणि आत चिठ्ठी लिहिली: पेला नंबर बारा, वेगळी तारीख. खोटी. आणि परत येणारा किडा हाच आहे हे कळावं म्हणून त्याला खूण केली. घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने खूण ओरखडतो, कधी कुठलं घड्याळ पुन्हा आलं तर कळावं म्हणून. खसखशीच्या दाण्यावर कुठे ओरखडणार? मी त्याच्या धड असलेल्या उजव्या मिशीचं शेवटचं पेर ब्लेडच्या टोकाने कापलं. एकच. तेव्हा माझा हात इतका स्थिर होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण कळायला वेळ लागला.

टिंबू परत आला. मी आधी उजवी मिशी बघितली. टोक कापलेलं. तोच. मग चिठ्ठी वाचली. नाव वेगळं! दुसरं नाव! खाली: "सर्वत्र आढळतो. गोदामांत व अडगळीतही. पुन्हा पाठवू नये."

मी खुर्चीतून उठलो. पोराने परीक्षेचा निकाल आणावा तशी चिठ्ठी ताईपुढे नाचवली.

"पकडलं! बघ! तोच किडा! पहिल्यांदा दुर्मीळ, आता अडगळीतला. बघतच नाहीत ते!"

ताईने मशीन थांबवलं. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग विचारलं, "बारा नंबर का लिहिलाय?"

"परीक्षा घेतली त्यांची."

"म्हणजे तू खोटं लिहिलंस."

"एकदाच."

"पेन्सिलीने?"

सात वर्षांत पहिल्यांदा तोंड दमलं.

"मी चाळीस थर कापायचे," ताई म्हणाली. "वरचा एक वाकडा गेला तर खालचे एकोणचाळीस वाकडे. मी कधी म्हटलं नाही, एकच वाकडा आहे." तिने पुन्हा मशीन सुरू केलं आणि तसंच, माझ्याकडे न बघता, सांगितलं, "खरी चिठ्ठी घाल. सात नंबर. आणि पत्र लिही की हा तोच आहे, दोनदा आलेला. नीट बघा म्हणावं."

मी लिहिलं. सगळं लिहिलं, एक सोडून. मिशी कापल्याचं लिहिलं नाही. लाज म्हणा, किंवा त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं म्हणा. ताकाला गेलो आणि भांडं लपवलं.

तिसऱ्यांदा किडा आला नाही, कागद आला. त्यावर तिसरं नाव. शेरा: "उजवी मिशी तुटलेली. डावी पात्याने कापलेली. नमुना हेतुपुरस्सर खराब केलेला असून, पाठवणाऱ्याने यापूर्वी स्थळाची खोटी नोंद केल्याचे त्याच्याच पत्रावरून दिसते. या केंद्रावरील सर्व नमुने अविश्वसनीय समजून नष्ट करावेत." आणि शिक्का.

मी तो कागद चारदा वाचला. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लाज वाटली. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा मात्र काहीच कळेनासं झालं, आणि ते अजून तसंच आहे.

तुम्ही दिलेलं किडे ओळखायचं पुस्तक काढलं. ते कसं चालतं तुम्हाला माहीत आहे, पण हा कागद दुसरं कुणी वाचेल म्हणून सांगतो. प्रत्येक पायरीवर दोन वाटा. केस आहेत की पाठ गुळगुळीत? केस असतील तर पुढच्या पानावर जा. असं करत करत मी एका दुवाटेवर आलो. तिथे लिहिलंय: मिशीची पेरं अकरा, तर ही वाट, पेरं दहा, तर ती वाट. अकराच्या वाटेला तुमचं पहिलं नाव. दहाच्या वाटेला दुसरं.

मी पुस्तक मिटलं. माझ्या हाताने मी एक पेर कापलं होतं. डावी मिशी आधीच तुटलेली, म्हणजे मोजायला एकच मिशी, आणि तिचं एक पेर माझ्या ब्लेडवर राहिलं. दुसरं नाव तुम्ही चुकीचं दिलं नाहीत. ते मी कापून दिलं. चालू घड्याळ बंद आहे म्हणून द्यायला गेलो आणि देण्याआधी स्वतःच त्याचा काटा मोडला.

हे ताईला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "चला, निदान एकदा तरी त्यांनी मोजलं म्हणायचं."

पण मग तिसरं? सांगा ना. मिशी तीच, काप तोच. दुसऱ्यांदा तुम्हाला काप दिसला नाही, तिसऱ्यांदा दिसला, ते कसं? आणि तिसऱ्या नावाचा भुंगेरा पुस्तकात बघितला तर त्याची पाठ आरशासारखी गुळगुळीत. टिंबूच्या पाठीवर केस आहेत. पेरांचा प्रश्न येण्याआधीच त्याची वाट वेगळी होते. आणि मी कापली उजवी मिशी. तुटलेली होती डावी, तुमच्याच पहिल्या चिठ्ठीत तसं आहे. तुम्ही आता लिहिता उजवी तुटलेली, डावी कापलेली. मग तुमच्या बशीत होता तो कोण?

या डाव्या-उजव्यावर मी दोन दिवस जेवताना बोलत होतो. शेवटी ताईने पानातून डोकं वर केलं.

"उताणा ठेवला असेल."

"काय?"

"किडा. पोट वर केलं की डावं उजवीकडे जातं. कारखान्यात नवीन मुली कापड उलट्या बाजूने ठेवायच्या, मग दोन्ही बाह्या डाव्या निघायच्या. शर्ट कुणाला, तर ज्याला दोन डावे हात आहेत त्याला."

"मग उताणा ठेवला तर पाठीवरचे केस दिसणारच नाहीत!"

"तेच म्हणते मी."

एक क्षण वाटलं, सुटलं कोडं. मग लक्षात आलं, हेही आम्ही आपलं जुळवतोय. सुतावरून स्वर्ग. कदाचित उताणा ठेवला असेल. कदाचित तुमच्या टेबलावर दोन कुप्या एकमेकींत गेल्या असतील आणि तिथे दुसऱ्या कुणाचा तरी भुंगेरा असेल, त्याचीही मिशी कुणा दुसऱ्या शहाण्याने कापली असेल. कदाचित मीच पहिल्या दिवसापासून डावं-उजवं उलट धरलं असेल. भिंगातून बघून बघून मला आता माझ्या चपलांचीही खात्री वाटत नाही.

म्हणून मी तुमच्या कार्यालयात आलो. खिडकीवर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांच्यावर माझा राग नाही.

"नमुना क्रमांक?" त्यांनी विचारलं.

"तीन आहेत."

"म्हणजे तीन नमुने."

"नाही हो, किडा एकच."

"एका किड्याला तीन क्रमांक कसे असतील?"

"आणि तीन नावं कशी असतील, बाई? तेच विचारायला आलोय."

"नावं आमच्याकडे नाहीत. मी क्रमांक बघते."

"मग मला तो किडा दाखवा. मी केस बघतो आणि जातो."

त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं. "खराब नमुना परत देत नाहीत."

"परत नको. नुसता बघतो. इथेच, उभ्या उभ्या."

"काका, खराब म्हणून नोंद झाली की तो नमुना नसतो."

"नसतो म्हणजे? फेकला?"

"ते मला माहीत नाही. नोंदीत नसतो."

मी बाहेर पायरीवर बसलो. मेलेला किडा, तीन नावं आणि आता तो नसतो. मला हसू आलं. शेजारी एकजण डबा खात होता, त्याने सरकून जागा दिली.

घरी आलो तर ताईने मागच्या खोलीत बादली आणून ठेवली होती.

"ओतायला घेतेस?"

"हुकूम आलाय."

"ताई, अकराशे कुप्या!"

"मला मोजायला शिकवू नकोस. मी पुरलेत पेले." ती बादलीकडे बघत उभी राहिली. "ती खोटी चिठ्ठी कुठे आहे?"

मी शोधून दिली. बारा नंबरची. मला वाटलं फाडेल. तिने एक रिकामी कुपी घेतली, तिच्यात स्पिरिट भरलं, चिठ्ठी आत सोडली, बूच लावलं आणि फळीवर सगळ्यात पुढे ठेवली. आत किडा नाही, नुसतं माझं अक्षर.

"राहू दे डोळ्यांसमोर," ती म्हणाली. आणि बादलीत पाणी भरून फरशी पुसायला घेतली.

अकराशे चार कुप्यांत खोटी चिठ्ठी एकही नाही. जी होती ती ही अकराशे पाचवी. ती कुठली, ते मी तुम्हाला बोट ठेवून दाखवतोय. बाकीच्या ताईच्या अक्षरातल्या आहेत, तारखेसकट, पेल्यासकट, पाऊस होता की नव्हता त्यासकट. माझ्या एका कापापायी तिची सात वर्षं गटारात ओतायची? चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तर समोर उभा आहे, स्वतः लिहून देतोय!

इथवर लिहिलं तो गुरुवार होता. पत्र बंद करणार होतो. शुक्रवारी ताई रानातून आली आणि पेल्यांचं पाणी मी बशीत ओतलं. ती सापळे बंद करायला तयार नव्हती. म्हणाली, हुकमात कुप्यांचं लिहिलंय, पेल्यांचं नाही.

सात नंबर. मुंग्या, दोन कोळी, एक गोगलगायीचं पिल्लू. आणि कडेला, पूर्णविराम.

मी ब्रश खाली ठेवला.

"ताई, ये. काही बोलू नकोस, ये."

तपकिरी. पाठीवर केस. दोन्ही मिश्या धड. मी दोन डोळ्यांच्या भिंगाखाली त्याला पालथा ठेवला, पाठ वर, हे ताईने दोनदा तपासलं. मग मोजलं. टोकाची गाठ धरून अकरा. पुन्हा मोजलं. अकरा.

"सरक," ताई म्हणाली. ती चष्मा काढून बसली. ओठ हलत होते. "दहा."

"अकरा आहेत."

"दहा. गाठीत तू तीन धरतोस. दोनच आहेत. मधली रेघ आहे ती शिवण नाही, सुरकुती आहे."

"सुरकुती? किड्याला सुरकुती?"

"तुला आहेत ना?"

आम्ही आळीपाळीने बसलो. दिवा इकडून धरला, तिकडून धरला. इकडून रेघ दिसते, तिकडून दिसत नाही. मी घड्याळाचे दाते मोजण्यात आयुष्य घालवलं, तिने शिवणी बघण्यात. माझे अकरा, तिचे दहा. दुपारचं जेवण राहिलं. तुमची पहिली चिठ्ठी खरी असेल तर हे रान जुनं, न तोडलेलं, आणि ताईचा गुडघा वाया गेला नाही. दुसरी खरी असेल तर हा अडगळीतला किडा, पहिल्यांदा तुम्ही चुकलात, आणि दुसऱ्यांदाही एक पेर कापलेलं असताना सुरकुती धरूनच दहा मोजलीत. तिसऱ्याबद्दल मी आता बोलत नाही.

शेवटी ताई उठली. "मला कळत नाही," ती म्हणाली. मी तिच्या तोंडून हे वाक्य यापूर्वी ऐकलेलं नाही. "आपल्याला कळत नाही असं लिही. तेवढं तरी खरं लिही."

लिहिलं. आम्हाला कळत नाही. मला वाटतं तुम्हालाही कळत नाही, आणि ते चालेल, त्यात अब्रू जात नाही. पण ज्याला कळत नाही त्याने ओतून टाका असा हुकूम देऊ नये.

टिंबू दुसरा सोबत पाठवतोय. चिठ्ठी ताईच्या हातची, नंबर सात, पेन्सिलीने. काहीही कापलेलं नाही, ब्लेड तिने मशीनच्या खणात कुलपात ठेवलंय. त्याला पालथा ठेवा. दिवा दोन्हीकडून धरा. दुसऱ्या कुणाला तरी बोलावून त्यालाही मोजायला लावा, आणि तुमचं एकमत झालं नाही तर तेही कळवा. तोवर इथली एकही कुपी रिकामी होणार नाही. गाडी पाठवलीत तर दारात मी खुर्ची टाकून बसलेला असेन, आणि माझ्यामागे ताई असेल, जी माझ्याहून वाईट आहे.

मला नाव नको. शिक्का नको. एवढंच मोजून, लिहून, खाली ज्याने मोजलं त्याची सही करून कळवा.

पेरं दहा की अकरा?